गोगटे बाईंची शाकाहारी मांजरं

"चूक सापडली की आधी तिच्यावर लाल रेघ मारायची. रडायचं असेल तर मग रडायचं." तपासलेले पेपर वाटताना गोगटे बाई हे वर्गाला ऐकवायच्या. पुढे मी ते इतक्या वेळा वापरलं की माझी मुलं ते माझंच वाक्य समजतात. माझं नाही. ज्या बाईंचं आहे त्यांनी स्वतःच्या सगळ्यात मोठ्या चुकीवर रेघ मारली तेव्हा मी शेजारी होते, म्हणून त्यांच्याबद्दल लिहायचा मला थोडा अधिकार आहे.

कळव्याच्या शाळेत मी शिकवायला लागले तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलेलं. वडील मिठागरावर, आई खाडीतली मासळी टोपलीत घेऊन दारोदार फिरलेली. आमच्या आळीत माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचे, आजही सांगते, आणि कुणाला त्याचा कंटाळा येत असेल तर येवो.

शाळेच्या स्टाफरूममध्ये कुठेही न लिहिलेला एक नियम होता. ज्यांच्या डब्यात मासळी त्यांनी खिडकीपाशी बसायचं. पहिल्या दिवसापासून मी खिडकीपाशी. गोगटे बाई थेट समोरच्या टोकाला, विज्ञानाच्या कपाटाजवळ. उंच, काटकुळ्या, चष्म्याला दोरी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि कोपरापर्यंत खडूची पूड. डबा उघडायच्या आधी तिकडून त्यांचा खणखणीत प्रश्न यायचा, "म्हात्रे, आज काय?"

"निवट्या, बाई."

"त्या कशा असतात?"

"चिखलात उड्या मारतात. पाण्याबाहेरसुद्धा राहतात."

"कशावरून?"

हा "कशावरून" त्यांचा श्वास होता. आज उकडतंय म्हटलं तरी कशावरून, हेडमास्तर रागावलेत म्हटलं तरी कशावरून. निवट्यांच्या वेळी मला शेवटी त्यांना खाडीवर न्यावं लागलं. ओहोटी लागलेली. चिखलावर निवट्या टणाटण उडताना बघून बाई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायला लागल्या. परत येताना म्हणाल्या, "वास मात्र सहन होत नाही हं मला. पण बघायला काय हरकत आहे?"

स्वतः त्या कडक शाकाहारी. त्यात नवल काही नाही. नवल हे की त्यांची मांजरंही शाकाहारी होती, आणि ह्याचा त्यांना केवढा अभिमान! डोंबिवलीच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये त्या, त्यांच्या सासूबाई माई, आणि तीन मांजरं. बाईंचे यजमान लवकर गेलेले, मूलबाळ नाही. मांजरांची नावं प्रयोगशाळेतून आलेली. करड्या चमकत्या मांजरीचं नाव पारा. पिवळ्या बोक्याचं गंधक. काळ्याचं कोळसा.

पहिल्यांदा मी त्यांच्या घरी गेले त्या दिवशी नेमकी एकादशी. माई पाटावर बसून फराळ करत होत्या आणि समोर तीन बशांमध्ये भगर, वर दाण्याची आमटी. तिन्ही मांजरं शिस्तीत चाटत होती.

"ह्यांनासुद्धा उपास?" मी विचारलं.

"मग! घराचे संस्कार असतात गं," माई म्हणाल्या. "इतर दिवशी दूधपोळी, नाहीतर मेतकूट-तूप-भात. आमची मांजरं उंदीरसुद्धा मारत नाहीत. नुसता धाक दाखवतात."

"धाकाने उंदीर जातो?"

"जातो की. शेजारच्यांकडे जातो."

त्या तिघांच्या तऱ्हा बघायला मी पुढे वरचेवर जायला लागले. गंधकला काकडी प्रिय. बाईंनी विळी मांडल्याचा आवाज आला की कुठूनही धावत यायचा आणि काकडीची चकती दोन्ही पंजांत धरून बसायचा. कोळसा चोर होता, पण फक्त खडू चोरायचा. बाईंच्या पर्समधून खडू काढून पलंगाखाली रचून ठेवायचा. काळ्या तोंडाला पांढरी पूड लागली की बाई म्हणायच्या, "हा नक्की मागच्या जन्मी शिक्षणखात्यात असणार."

आणि पारा. ती माईंची. माई जेवायला बसल्या की चित्राहुती घालून झाल्यावर एक घास पानाबाहेर काढायच्या. तो मांजराचा घास. पारा तो माईंच्या बोटांतून खाणार, आणि तो मिळाल्याशिवाय बशीला तोंड लावणार नाही. माई लग्नाला गेल्या तर पारा उपाशी. एकदा माई आजारी होत्या तेव्हा बाईंनी त्यांचा हात धरून पलंगावरूनच पाराला घास भरवला होता.

पावसाळा संपता संपता बाई एक दिवस डबा न उघडता बसलेल्या दिसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "पारा काल खिडकीवरून कपाटावर उडी मारताना पडली."

"मांजर पडतं कधीमधी."

"कशावरून?" त्या म्हणाल्या, पण ह्या वेळी आवाजात नेहमीची मजा नव्हती. "रोजची उडी आहे तिची. कपाट हललेलं नाही, खिडकी हललेली नाही. मग काय हललं?"

दोघी मिळून पाराला पिशवीत घालून ठाण्याला नेलं. खोपटच्या एसटी डेपोच्या मागे जनावरांचे एक डॉक्टर बसायचे. त्यांनी पाराचे डोळे बॅटरीने बघितले. मग कापसाचा बोळा घेतला आणि तिच्या नाकासमोर वरून सोडला. बोळा आवाज न करता टेबलावर पडला. पाराने मान हलवली नाही. डॉक्टरांनी पुन्हा सोडला, जरा बाजूने. तेव्हा तिने एका डोळ्याने थोडं बघितलं.

"खायला काय देता?"

बाईंनी सांगितलं. अभिमानाने नाही, पण सवयीने. दूधपोळी, मेतकूट, एकादशीची भगरसुद्धा सांगितली.

डॉक्टरांनी बॅटरी खिशात ठेवली. "बाई, हे मांजर आहे. गाय नाही. मांस-मासळीत असं काही असतं जे ह्यांच्या डोळ्याला आणि काळजाला लागतं, आणि ते दूधभातात नाही. मोठ्या मांजराला दूधसुद्धा नीट पचत नाही. गेली तेवढी नजर येणार नाही. उरलेली टिकवायची असेल तर मासे चालू करा. तिघांनाही. बाकी दोघं आज ठीक दिसतात, उद्याचं सांगू शकत नाही."

बाहेर आल्यावर एसटीच्या धुरात आम्ही उभ्या. बाईंनी पिशवी छातीशी धरलेली, पाराचं डोकं बाहेर. धूर लागू नये म्हणून त्यांनी ते हाताने झाकलं. मग म्हणाल्या, "म्हात्रे, दर वर्षी मी फळ्यावर तक्ता काढते. डावीकडे शाकाहारी प्राणी. गाय, शेळी, ससा. उजवीकडे मांसाहारी. वाघ, सिंह, मांजर. माझ्या अक्षरात, माझ्या हाताने. आणि तोच हात घरी जाऊन मांजराला मेतकूट कालवतो."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी हात वर केला. "आधी रेघ."

ती रेघ त्यांनी कुठे मारली ते मी ऐकलंय. आमच्या दोन वर्गांच्या मध्ये लाकडी पार्टिशन होतं, पलीकडचं सगळं ऐकू यायचं. दुसऱ्या दिवशी सातवीला त्यांनी तोच तक्ता काढला आणि मग खडू ठेवून म्हणाल्या, "मुलांनो, माझ्या घरी तीन मांजरं आहेत. हा तक्ता येत असून मी त्यांना दूधभात दिला. आता एकीचे डोळे चाललेत. मला ह्यात किती मार्क द्याल?"

इकडे मी माझा धडा अर्ध्यावर सोडून कान लावला होता. मग एका मुलीचा बारीक आवाज आला, "बाई, अर्धा."

"कशावरून?"

"लिहिलंत बरोबर. केलंत चूक."

पार्टिशनपलीकडून बाईंचं हसू ऐकू आलं. "बरोबर. अर्धाच. बस खाली." नोकरीत मी पुष्कळ मोठी माणसं बघितली, पोरांसमोर अर्धा मार्क घेऊन हसणारं दुसरं कोणी बघितलं नाही.

वर्गाला सांगणं सोपं होतं. घरी माई होत्या.

"मासळी? ह्या घरात?" माईंनी जपमाळ खाली ठेवली. "मी गेल्यावर आण काय आणायचं ते."

"तोवर पाराचे डोळे थांबणार नाहीत, माई."

माई भिंतीकडे तोंड करून बसल्या. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मान न वळवता म्हणाल्या, "गॅलरीत. वेगळी भांडी, वेगळा स्टोव्ह. आणि माझ्या नजरेला पडता कामा नये."

एवढी मोकळीक मिळाल्यावर बाई रविवारी सकाळी आमच्या घरी कळव्याला हजर. मासळी साफ कशी करतात ते शिकायला. आमच्या ओटीवर तोपर्यंत कुठल्या शाळेतलं माणूस येऊन बसलं नव्हतं. आई पार गोंधळली. आधी स्टूल आणलं, मग खुर्ची, मग बाई सरळ जमिनीवर तिच्यासमोर बसल्या तेव्हा पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"मांजरीला दूदभात?" सगळं ऐकल्यावर आई म्हणाली. "बाय गो! ती मांजर हाय क भटजी?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई मात्र खो खो हसल्या. "भटजीच. तिसऱ्या पिढीचे."

आईने मांदेलीचा वाटा पुढे ओतला. डोकं कसं मोडायचं, पोट कसं उघडायचं, दाखवलं. पहिल्या मांदेलीला बाई पांढऱ्याफटक पडल्या. दुसरीला नाकाला पदर बांधला. मग पदर सारखा सुटतो म्हणून काढूनच टाकला, आणि वाटा संपेपर्यंत एकसारखे हात चालवले. आई हे सगळं बघत होती. जाताना तिने मायेने सुकटीची पुडी दिली. "ही ने. आमची मांजरा ह्याच्यावरच वाढली."

बाईंनी पुडी हुंगली, जिभेला न लावता. "हे खारवलेलं आहे ना? एवढं मीठ त्यांना नको, ताई. मूत्रपिंडावर जातं. तुमच्याही मांजरांना देऊ नका."

आईला असं तोंडावर "नको" म्हणणारं माणूस आमच्या आळीत जन्माला यायचं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पुडी परत घेत म्हणाली, "बाई खरी हाय तुझी. शिकाला आली नि शिकवून चालली." पुढे कित्येक दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायची, आणि आमच्या मांजरांची सुकट खरोखर बंद झाली.

आता खरी गंमत. शाकाहारी मांजरांनी मासे खाल्लेच नाहीत.

गॅलरीत उकडलेल्या, काटे काढलेल्या मांदेलीची बशी ठेवली. गंधकने एकदा वास घेतला आणि फरशीवर पंजाने माती ओढल्यासारखं करून ती बशी पुरायला लागला. कोळसा उलटा पळाला तो पलंगाखाली खडूंपाशी. बाई मला म्हणाल्या, "बघ, किती मन लावून बिघडवलंय मी ह्यांना!"

मग त्यांनी विज्ञान लावलं. मेतकूट-भातात चिमूटभर मासळी. चार दिवसांनी दोन चिमटी. मग अर्धा चमचा, आणि तेवढा भात कमी. दूध पाणी घालून घालून शेवटी नुसतं पाणी. घाई नाही, लाडीगोडी नाही. कोळसा पहिल्यांदा फितूर झाला. एका सकाळी भात बाजूला सारून नुसती मासळी वेचताना सापडला. गंधक मात्र निष्ठावंत. भात खायचा आणि मासळीचा कण न् कण जिभेने वेगळा करून बशीच्या कडेला ओळीने लावून ठेवायचा. बाईंनी त्याच्या भातावर काकडी किसून बघितली आणि तो हरला. पुढे मासळीबरोबर काकडी नसेल तर ओरडायचा.

खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात आडव्या आल्या. "गोगटे, तुमच्याकडून हल्ली कसलातरी वास येतो."

"मासळीचा," बाई म्हणाल्या. "बुधवारी आणि रविवारी. खिडकी लावून घेत जा." आणि जिना चढून गेल्या.

दोघं मार्गी लागले. पारा नाही. पारा कशालाच तोंड लावत नव्हती. चिमूट नाही की कण नाही. मांजराचा घास माई रोज भाताचा द्यायच्या, तेवढा खायची आणि बशीतल्या मासळीच्या वासाला पाठ फिरवायची. अंगावरची चमक गेलेली. दाराच्या चौकटीला खांदा आपटायची. बाईंनी स्वतःच्या बोटाला मासळी लावून तिच्या ओठाला फासली, तिने ती तोंड झटकून उडवली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उशीर नको. बाई शाळेत फळ्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि काय लिहायचं ते विसरायच्या.

अशाच एका रविवारी सकाळी मी मांदेली घेऊन गेले होते. बाईंनी गॅलरीत उकडली, कुस्करली. पारा उंबऱ्यावर बसून राहिली. बाईंनी बशी पुढे सरकवली, ती मागे सरकली. असं दोनदा झालं. आतून माईंचा आवाज आला.

"खात नाहीये का गं?"

"नाही, माई."

"खाणार कशी? घास कुठे काढलाय तिचा?"

बाईंनी सासूकडे कधी ही गोष्ट मागितली नसती, हे मला माहीत होतं. माईंनाही माहीत असणार.

भिंतीला धरून माई हळूहळू गॅलरीत आल्या. आंघोळ व्हायची होती, अंगावर रात्रीचंच लुगडं. खाली बसायला त्यांना वेळ लागला. बशीकडे त्यांनी बघितलं नाही. पाराकडे बघत उजवा हात पुढे केला.

"काटा काढलायस ना नीट?"

"काढलाय."

"ठेव मग."

बाईंनी माईंच्या बोटांवर मासळीचा घास ठेवला. जन्मभर ज्या बोटांनी देवाला गंध लावलं तीच ती बोटं. "ये गं बाई," माई म्हणाल्या, "माझाच घास आहे." पारा आली. नाक लावलं. बोटं हुंगली, मासळी नाही, बोटं. आणि खाल्लं. मग बोटं चाटूनपुसून साफ केली आणि बशीकडे वळली.

माई उठल्या आणि सुनेला म्हणाल्या, "सुधा, आंघोळीचं पाणी काढ. आणि उद्यापासून हिचं आधी, मग माझी आंघोळ, मग देव. देव थांबेल थोडा." आणि माझ्याकडे वळून, "तू काय रडतेस? चहा टाक."

त्यांचं सोवळं मोडलं नाही. फक्त घराची वेळ बदलली. पुढे रोज सकाळी आधी पाराचा घास, मग बाकीचं सगळं.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. नजर होती तेवढी होती. "म्हणजे जिंकलात," ते म्हणाले. पारा त्यानंतर खूप वर्षं जगली. कपाटावरची उडी तिने सोडली, पण मिशांनी दार मोजून घरभर ऐटीत फिरायची. अंगावर पुन्हा ती चमक आली. तिच्यासाठी माई घरात चालताना मोठ्याने बोलायच्या, "मी येतेय गं, मी मोरीकडे चाललेय गं." नवखा पाहुणा आला की त्याला वाटायचं, म्हातारीला भ्रम झालाय.

माई गेल्या, मग काही वर्षांनी पाराही गेली. त्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात हेडमास्तरांनी त्यांच्या आदर्श वगैरे सेवेबद्दल पुष्कळ सांगितलं. मांजरांचं कोणी सांगितलं नाही. मला सांगायचं होतं, पण पहिल्याच वाक्याला मला रडू आलं, आणि मी खाली बसले.

त्यांना शेवटचं बघितलं ते डोंबिवलीच्या मासळी बाजारात, नव्वदचं दशक सरताना. मी भाचीच्या लग्नाच्या खरेदीला गेलेले. बघते तर गर्दीत गोगटे बाई, केस पूर्ण पांढरे, मासेवालीच्या पाटीपुढे उकिडव्या बसलेल्या. अंगठ्याने मांदेलीचा कल्ला उघडून बघत होत्या. शेजारी एक नवी लग्न झालेली मुलगी नाक दाबून उभी, हातातल्या पिशवीतून मांजराच्या पिल्लाचे कान बाहेर.

"लाल असला तर ताजी," बाई तिला सांगत होत्या. "हात लाव. लाव गं. काही होत नाही."

"आमच्याकडे चालत नाही हो, काकू. सासूबाई..."

"सासूबाईंना खायला सांगितलंय का कोणी? मांजराला हवंय. घरी सांग, मी येते समजवायला. मला सासवांची सवय आहे."

मासेवाली हसत वाटा बांधायला लागली. तिने जास्तीची एक मांदेली वर टाकली. "ह्या माझ्या जुन्या गिऱ्हाईक," ती त्या मुलीला म्हणाली. "आजवर एक मासा स्वतः खाल्ला नाही, पण शिळा मासा ह्यांना कोणी देऊन दाखवावा."

मी हाक मारणार होते. पण त्या मुलीने डोळे घट्ट मिटून पाटीतल्या मासळीला एक बोट लावलं होतं, आणि बाई तिच्याकडे अशा रोखून बघत होत्या की मध्ये बोलायची माझी हिंमत झाली नाही.